फ्लेक्सवरचा बांगड्यांचा हात

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, बीडहून मुद्दाम आलेले विठ्ठलराव साहेब. ज्यांना आपण आज निरोप देतोय ते आपल्या दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव अण्णा. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिवकन्यावहिनी. व्यासपीठावरची समदी मानाची मंडळी, समोर बसलेले सभासद, माय-बहिणींनो, आणि हॉलच्या मागं चुलीपाशी पोळ्या लाटत बसलेल्या बायांनो, तुम्हाला तिथवर ऐकू येत असंल तर तुम्हालासुद्धा, या बायनाबाईचा रामराम.

सूत्रसंचालन करणारे आपले त्रिंबक सर मला म्हणाले, "बाई, दोन मिनिटं बोला, गोड बोला, अन् चेअरमनसाहेबांच्या अंगावर शाल घाला." शाल ही बघा, माझ्या हातात हाय. गोड बोलायला मला जमत न्हाई हे सरांना ठाऊक हाय, तरी त्यांनी माझं नाव पुकारलं. आता काय होईल ते त्यांच्या माथी. मी बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली संचालक. चौथीत शाळा सुटली. पण डोळे आजून शाबूत हायत, आणि ज्या दिवसाचं कौतुक सकाळपासून इथं चाललंय, त्या दिवशी मी तिथं होते.

पाच जण बोलले. पाचांनी एकच गोष्ट सांगितली. दुष्काळाच्या साली आपल्या सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडली, छावणीत पोळा भरवला, आणि चेअरमनसाहेबांनी बीडच्या पाहुण्यांच्या पंगतीत बैलांना बसवून आधी त्यांना जेवू घातलं. केवढं मोठं मन! मानपत्रात तेच लिहिलंय. माझ्या पाठीमागं एवढ्या थोरल्या फ्लेक्सवर फोटोसुद्धा त्याचाच हाय. अण्णा हात जोडून उभे, पुढं रंगवलेल्या शिंगांचा बैल, बैलाच्या तोंडात पुरणपोळी.

आता समद्यांनी जरा नीट बघा. बैलाची दोरी कोणी धरलीय? फोटोच्या कडंला हात हाय, नुसता मनगटापर्यंत. पुढचं माणूस कापलंय. त्या हातात हिरव्या बांगड्या हायत. अण्णा, तुम्ही कवा बांगड्या भरल्या?

हसू नका. मला हसायचं न्हाई.

आधी खरं ते सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती भांडायला उठली. छावणी अण्णांनीच आणली. केजला, बीडला हेलपाटे घातले, कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, म्हणून आमची जनावरं जगली. हे मी कधी नाकारलं न्हाई, आजबी नाकारत न्हाई. पण जे केलं त्याची शाल घ्यावी माणसानं. जे केलं न्हाई त्याची कशापायी घ्यावी?

त्या साली श्रावण कोरडा गेला. आमी आठ-आठ दिवस छावणीतच मुक्कामाला. माझ्या शेजारच्या दावणीला मंजुळाबाईची बैलजोडी, पाखऱ्या आणि हरण्या, आणि एक म्हैस. नवरा वारलेला, पोरी नांदायला गेलेल्या. ती जोडीच तिचं घरदार. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, हे बीडच्या साहेबांना मी सांगायला पाहिजे असं न्हाई. तूप कुठलं आणायचं? तिनं पुडीतल्या गोड्या तेलात हळद कालवली आणि दोघांचे खांदे चोळले. मग कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आपल्यात असंच म्हणतात. आणि एकदा आवतण दिलं की बैल जेवल्याबिगर घरातलं माणूस घास तोंडात घालत न्हाई.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सोहळा मांडला होता. बीडच्या पतसंस्थेचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यात हे विठ्ठलराव साहेब पुढं. मांडव घातला, टेबलांवर पांढरी कापडं, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, सनई लावलेली. चाऱ्याचा ट्रक सकाळीच येऊन फाटकात उभा होता, उसाच्या वाढ्यांनी गच्च भरलेला. अण्णा म्हणाले, पहिली पेंढी पाहुण्यांच्या हातानं पडंल, फोटो निघंल, मगच ट्रक खाली करायचा. पाहुणे अकराला यायचे होते. साहेब, तुम्ही तीन वाजता आलात. राग धरू नका, त्या दिवशी जनावरांनीबी धरला न्हाई. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, आणि पोटात काडी न्हाई. ट्रकाचा वास यायचा आणि समदी दावण हंबरायची. त्या आवाजात सनई कोणाला ऐकू येती?

मंजुळाबाई दोनदा ट्रकापाशी गेली. दोनदा अण्णांनी माघारी लावलं. "जरा दम धर की, पाहुणे येऊ दे."

ती म्हणाली, "माझे पाहुणे कालच आलेत, अण्णा. मीच आवतण दिलंय त्यांना."

"बाई, तमाशा करू नको. बीडची माणसं यायलीत."

मग बीडची माणसं आली, गाडीतून उतरली आणि उशीर झाला म्हणून सरळ मांडवात जेवायलाच बसली. पेंढी राहिली, फोटो राहिला, ट्रक तसाच भरलेला. ताटं वाढली. पुरणपोळी, वर तूप. ते तूप दिसलं आणि मंजुळाबाई उठली. दावं सोडलं, पाखऱ्याची दोरी माझ्या हातात दिली, हरण्याची स्वतः धरली आणि चालायला लागली. मी म्हणलं, "मंजुळे, कुठं?" ती म्हणाली, "जेवायला."

मांडवात बैल शिरले तसं एक पांढऱ्या बुटातले गृहस्थ खुर्चीवर चढले. मंजुळाबाईचा आवाज काय चढलेला नव्हता. पंगतीला म्हणावं तसंच म्हणाली, "उठा बाबांनो, ही पंगत ह्यांची हाय. तुमची मागनं."

आणि हरण्यानं समोरच्या ताटात तोंड घातलं. ते ताट कोणाचं होतं, साहेब? तुमचंच की! आता तुम्ही हसताय, तवाबी हसला होतात. तुमचं मन थोर. पण त्याच घडीला तुमच्या पाठीमागून अण्णा काठी उगारून पळत येत होते, ते तुम्हाला दिसलं न्हाई. मला दिसलं. तुम्ही मागं वळलात आणि म्हणालात, "वा सुंदरराव, काय कल्पना काढली! आधी बैल, मग आपण!"

अण्णांची काठी खाली पडली. हात जोडले गेले. फोटोवाल्यानं फोटो काढला. तोच हा फोटो.

सर, चिठ्ठी कशाला पाठवता? मला वाचायला वेळ लागतो, त्यात दोन मिनिटं आणखी जातील. बसा.

ट्रक खाली झाला, जनावरं जेवली, पाहुणे जेवले, समदं गोड झालं. मला वाटलं, अण्णा आता मंजुळाबाईला बोलावतील, लुगडं-चोळी देतील. सकाळी उठून बघते तर तिची जनावरं दावणीवरून सोडून फाटकाबाहेर उभी केलेली. का, तर छावणीची शिस्त मोडली! त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात अण्णांचं नाव मोठ्या अक्षरात आलं, आणि मंजुळाबाई रस्त्यानं जोडी आणि म्हैस घेऊन भावाच्या गावाला निघालेली. त्याच वाटंवर पाखऱ्या बसला. उठला न्हाई. हात फोटोत राहिला, आणि ज्या बाईचा हात, तिची जनावरं उन्हात.

तेवढ्यावर भागलं न्हाई. पाऊस पडला, छावणी उठली, ती गावात परत आली. दुधाची किटली घेऊन सोसायटीच्या दारात गेली तर तिचं दूध घ्यायचं न्हाई असा हुकूम. का? तोंड बंद राहावं म्हणून, दुसरं काय? सोसायटीचं दार तिच्या उंबऱ्यासमोर हाय, साहेब. आणि ती बाई त्या सालापासून किटली घेऊन जीपगाडीत लोंबकळत केजला जाती, हॉटेलवाल्यांच्या पाया पडून दूध घालती. मी संचालक झाले तवापासून हर मीटिंगला हा विषय काढते. हर मीटिंगला चहा येतो आणि विषय पुढं जातो.

आज तिला सभासद म्हणून बोलावलं न्हाई. पोळ्या लाटायला हात कमी पडले, म्हणून बोलावलं. साहेब, आता तुमच्या ताटात जी पोळी पडंल ती त्याच हातची, फ्लेक्सवरच्या. नवरा गेला तरी तिनं बांगड्या उतरवल्या न्हाईत, आजबी हिरव्याच हायत, जाऊन बघा.

सुंदरराव अण्णा, तुम्ही खाली बघू नका, माझ्याकडं बघा. मी तुम्हाला वाईट माणूस म्हणायला उठले न्हाई. वाईट असता तर मी शाल धरली नसती. चेअरमनकी आज सांजपर्यंत तुमच्याकडंच हाय. उद्या नवा माणूस येईल, तो म्हणंल जुनी भानगड मला काय ठाऊक. म्हणून आजच. मानपत्र बदलायला सांगत न्हाई, फ्लेक्स उतरवायला सांगत न्हाई. उठायचं, त्या मागच्या दारानं चुलीपाशी जायचं, आणि मंजुळाबाईला आपल्या तोंडानं म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या दूध घेऊन या. शब्द तुम्हाला पाठ हायत. दर साली बैलाच्या कानात सांगताच की.

मला बोलू दिलं याबद्दल विठ्ठलराव साहेबांचे, त्रिंबक सरांचे आणि इतका वेळ न उठता ऐकून घेणाऱ्या तुम्हा समद्यांचे आभार. नावं घेताना कोणाचा मान मागंपुढं झाला असंल, आवाज वर गेला असंल, तर अडाणी बाई समजून पोटात घाला. माझं चुकलं असंल. तिचं चुकलं नव्हतं.

जा अण्णा. तुम्ही तिला घेऊन येईपर्यंत मी शाल धरून हितंच उभी हाय.