सतरा भोकांचं पान

नाही, नाही काका, हस्तलिखित तयार नाही असं मी म्हटलंच नाही. तयार आहे — म्हणजे, नेमकं सांगायचं तर, एक पान सोडून तयार आहे. बसा ना. ती पिशवी खाली ठेवा आधी. छापखान्यातून एवढे चालत आलात आणि मी आपली दारातच अडवून — जरा हळू बोलू या हं, सर आत झोपलेत. दिसत नसलं तरी दुपारी पडदा ओढून घ्यायला लावतात. सवय डोळ्यांना नसते, माणसाला असते, म्हणतात.

मी? मी त्यांची लेखनिक. कायद्यातच पदव्युत्तर केलंय, त्यांच्याच हाताखाली. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, मलाही वसतिगृह सोडावं लागलं, तेव्हा आमचा करार झाला — हो, रीतसर, कागदावर. करारावर पुस्तक लिहिणारा माणूस तोंडी कसा करेल? त्यांनी सांगायचं, मी लिहायचं, आणि पुस्तक पूर्ण होईपर्यंत माडीवरची खोली माझी. पूर्ण होईपर्यंत. हे शब्द मीच सुचवले होते, बघा. तेव्हा वाटलं, एवढं मोठं पुस्तक, कधी व्हायचंय पूर्ण. आणि पुढे जायचं कुठे? दादाकडे? दादा नाही म्हणणार नाही, पण वहिनीनं माझ्या खाटेची जागा कधीच शिवणयंत्राला देऊन टाकलीय.

तर शेवटचं प्रकरण. करार कसा संपतो — हाच विषय, काय योग आहे. ठरल्याप्रमाणे सगळं केलं की संपतो, दोघांनी मिळून सोडला की संपतो, पार पाडणंच अशक्य झालं की संपतो. पहिल्या प्रकारावर सर म्हणाले होते, आमची ही वारली ती लग्नाचा करार असाच पुरा करून, एक कलम शिल्लक ठेवलं नाही. मी हसले, तर म्हणाले, हे लिहू नकोस, नाहीतर छापतील. आणि राहिलेला प्रकार भंगाचा, तो शेवटच्या पानावर. ते पान — आता तुमच्यापासून काय लपवायचं — ते पान चार महिन्यांपूर्वीच लिहून झालंय.

आमची एक पद्धत आहे. पान झालं की मी वाचून दाखवते, आणि मान्य असेल तर सर उजव्या कोपऱ्यात टाचणीनं एक भोक पाडतात. सही दिसत नाही, भोक बोटाला लागतं. एका पानाला एक भोक. पण या पानाला मी दर आठवड्याला म्हणायचे, सर, भंगाचा मजकूर राहिलाय. त्या सुमारास आलेल्या तापानंतर ते विसरायला लागले होते — निदान मला तसं वाटलं — आणि ते पुन्हा सगळं सांगायचे, स्वल्पविरामासकट तेच. मी कोऱ्या कागदावर नुसती पेनची खरखर करायची आणि टाचणीला तेच जुनं पान पुढे करायची. नवा कागद का नाही? मूळ प्रत एकच असावी म्हणून. लबाडीतसुद्धा माझा नीटनेटकेपणा बघा.

काय म्हणालात? सरांनी? स्वतः फोन केला तुम्हाला? पण ते तर — आणि काय सांगितलं? आजच या, शेवटचं पान ती लगेच देणार नाही, तिला थोडा वेळ द्या. असं म्हणाले?

थांबा, हे घ्या पान. नको, परत द्या जरा. इकडे या, खिडकीपाशी. सतरा भोकं आहेत काका. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मला वाटायचं ते आपले कुठेतरी टोचतात. दृष्टी गेलेला माणूस सतरा भोकं अशी ओळीत कशी पाडेल? आधीचं प्रत्येक बोटानं चाचपून बघितल्याशिवाय? पहिल्या आठवड्यापासून त्यांना —

वाचते, ऐका, याच पानावर आहे. “भंग झाल्याने करार आपोआप संपत नाही. तो संपवायचा की चालू ठेवायचा, हे ज्याच्याविरुद्ध भंग झाला त्याने ठरवायचे असते.” सतरा वेळा हे मला सांगितलं त्यांनी. मी खरखर करत होते.

मग आताच का बोलावलं तुम्हाला? का ते मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले, जाताना दाराबाहेर माझ्याशी बोलले. मी सरांना सांगितलं, हवापालट करा म्हणाले. त्यांनी नुसतं बरं म्हटलं. लेखक गेला तर असला करार आपोआप संपतो काका, अशक्य झाला म्हणून. त्यांना तो प्रकार नको असणार. त्यांना पहिला हवाय. आणि मी — खोलीचं म्हणत होते ना मघापासून? खोलीचं नाहीये हो. खोली कुठेही मिळेल. पुस्तक झालं नाही तोवर ते जातील कसे, असं मला — एवढी शिकलेली मी.

घ्या. सगळं घ्या. मोजू नका, पानं बरोबर आहेत. नाही, आता बसू नका, निघा, नाहीतर मी परत मागेन. आणि जाताना दार हळू — नको. जोरात लावा. ते जागेच असतील. ऐकू दे त्यांना.