वा, वा!

तमिळ मुलखातल्या मांबलम स्टेशनच्या बाकावर शेजारून मराठी कानावर पडलं, तसे निवृत्त विद्याधरराव डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसले. उघड्या डोळ्यांनी त्यांना इतकं चांगलं ऐकू येत नसे. शेजारी एक तरुण जोडपं होतं.

"कौमुदी, कंपनीच्या ऑनलाइन सेफ्टी कोर्सला मला शंभरपैकी शंभर!"

"तुला नाही, मला. उत्तरं मी दिली, तीही तमिळमधून."

"सर्टिफिकेटवर नाव कौशिकचं आहे. उद्यापासून प्रेस मशीन माझ्या हातात."

"हात मशीनमध्ये गेला नाही म्हणजे मिळवलं."

"अगं, आज चालवून बघितलं ना. सुपरवायझर जाम खूश! सारखा ओरडत होता, वा, वा! मग मीही आणखी जोर लावला."

"कौशिक, तमिळमध्ये वा म्हणजे ये. तो तुला मशीनपासून लांब बोलवत होता."

विद्याधररावांचा एक डोळा उघडला.

"तो कोर्स पुन्हा उघडता येतो का गं?"

"येतो. धर फोन. पहिला शब्द, निल्लु. म्हणजे थांब."

"निल्लु."

तेवढ्यात गाडी आली. कौशिक सवयीने पिशवी उचलून धावला.

"निल्लु!" कौमुदी ओरडली.

तो जागच्या जागी थांबला. अर्धवट उठलेले विद्याधररावही निमूटपणे खाली बसले. गाडी गेली.