मागून घातलेला हात

– नाही, नाही, मान पिरगाळायचं बोलूच नका माझ्यापुढे. आधी ती पेटी टेबलावर ठेवा, आणि झाकण मी उघडतो, तुम्ही नका. शी! हा वास कसला? हा फेरेटचा नाही, फेरेटचा वास माझ्या नाकात साठ वर्षं मुक्कामाला आहे – हा लॅव्हेंडर आहे! आंघोळ घालता त्याला? दर रविवारी? साबणानं? अहो क्राऊदरसाहेब, जितकं धुवाल तितकं ते जास्त घाण मारतं, अंगचं तेल गेलं की दुप्पट तेल सोडतं बिचारं. आणि हे काय चिकटलंय खाली – दूध-पाव? शी शी शी! आमच्या आजोबांनी दूध-पाव घातला, अख्ख्या यॉर्कशरनं घातला, आणि जनावरं हगून हगून मेली की म्हणायचे, जातच नाजूक. फेरेट मुंगसाएवढं का असेना, सशाच्या बिळात शिरून शिकार करणारं, मांस खाणारं जनावर आहे ते. हे दात काय पाव चावायला दिलेत देवानं?

बसा. चहा? नको तर नको. हात दाखवा. हं, दात खोल गेलाय. आणि मुलीला? करंगळीला तीन टाके… काय नाव म्हणालात, ब्रायोनी? वाईट झालं, मी कुठं नाही म्हणतोय. पण तो चावल्यावर तुम्ही काय केलंत ते सांगा. खरं सांगा हं – नाकावर टिचकी! वाटलंच मला. कोणी शिकवलं? पबमधल्या शहाण्यांनी? सगळे तेच करतात म्हणे – करतात ना, म्हणून तर माझ्या दारात रांग लागते! टिचकी मारून ते काय शिकतं, सांगू? हात आला म्हणजे मार आला. मग पुढच्या खेपेला मार यायच्या आधीच चावतं. तुम्ही नसतं चावलं? पोटातून चावरं कोणी येत नाही हो. घाबरलेलं असतं, नाहीतर कुठं दुखत असतं, नाहीतर माजावर आलेला नर असतो. हा नर आहे, पण खच्ची केलेला, म्हणजे ते कारण गेलं. आ कर रे राजा… दात ठणठणीत. आता बघा, माझ्या हातात काय करतोय? चाटतोय! कारण मी समोरून गेलो, आधी हात हुंगू दिला. एवढंसं काम, पण माणसाला घाई असते ना.

कुठून आणलात? शेतकी जत्रेतून? आणि मुलीनं निवडला तो डोक्यावरचा हा पांढरा पट्टा बघून – सगळ्यांना तोच लागतो. थांबा. हा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या पाठीमागं वाजवतो, तुम्ही त्याच्या कानांकडे बघा. हलले? पुन्हा वाजवतो… तुम्ही दचकलात, तो नाही. आता टेबलावर थाप मारतो – बघा, कसा गर्रकन वळला! बहिरा आहे, साहेब. ठार बहिरा. असे पट्टेवाले बहुतेक तसेच निघतात, विकणाऱ्याला माहीत असतं, सांगतोय कशाला! तुम्ही नावानं 'बिस्किट, बिस्किट' हाका मारून घसा कोरडा केलात, तो आला नाही, मग मागून गचकन उचललात – त्याच्या लेखी आभाळातून हात पडला. चावणार नाही तर काय मुका घेणार?

आणि अशाची मान पिरगाळायची, मुलगी आजीकडून परत यायच्या आत, आणि तिला सांगायचं, पळून गेलं. किळस येते मला. तुमची नाही – म्हणजे तुमचीही येते, खोटं कशाला बोलू, पण मीही तेच केलंय. मेव्हिसचं होतं ते, माझ्या बायकोचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, तिनं बोटानं भरवून वाढवलेलं, साटिन नाव, अगदी असाच पट्टा. मी त्याला ससे हुसकायला बिळात सोडायचो आणि बाहेर आलं की मागून उचलायचो. तीनदा चावलं. चौथ्यांदा मी त्याला घेऊन या शेडच्या मागं गेलो. एक झटका, बस. घरी सांगितलं, दुसऱ्या बिळातून निघालं, पळालं. महिनाभर ती मागच्या पायरीवर कलेजीची बशी ठेवायची. शेजारची मांजरं यायची, चाटूनपुसून जायची, आणि मी खिडकीतून बघत उभा असायचो. दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या ससेवाल्यानं मला हे किल्ल्यांचं दाखवलं. तिला सांगितलं का? छे! जुनं कशाला उकरायचं? त्याऐवजी चाळीस वर्षं गावाला शिकवत सुटलो – समोरून जा, आधी पाय आपटा, जमीन हलली की त्याला कळतं, मागून हात घालू नका. लोक म्हणायला लागले, जनावर चावरं निघालं की नॉरिसकडे न्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मेव्हिस? ती गेलीय स्कार्बरोला, बहिणीकडे. समुद्राची हवा खायला – नाही, हवा-बिवा काही नाही. कान गेले तिचे, दोन वर्षं झाली. मी हाक मारायचो, ती ओ द्यायची नाही, मग मी चिडायचो, ठोंबी म्हणायचो, मुद्दाम करते म्हणायचो. फेब्रुवारीत शेगडीपाशी रस्सा ढवळत उभी होती, माझ्याकडे पाठ. तीन हाका मारल्या. मग गेलो आणि खांदा धरून गर्रकन फिरवली. तिनं घाबरून हातातला डाव हाणला – हा मनगटावरचा डाग दिसतोय ना, हा फेरेटचा नाही. आणि मी… टिचकी नव्हती ती. नाकातून रक्त आलं तिच्या. मार खाल्लेली जनावरं मांडीवर घेणारा हाच हात बरं का. थू!

तिनं बॅग भरली. दारात कोटाची बटणं लावत होती, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "लोकांना सांग, पळून गेली."

म्हणजे तिला माहीत होतं. चाळीस वर्षं. कदाचित ती कलेजी ठेवायची तेव्हाही.

काय बघताय माझ्या तोंडाकडं? चला, उचला पेटी. त्याला मांस घाला, तो साबण फेकून द्या, जवळ जाताना दोनदा पाय आपटा, मुलीलाही शिकवा. आणि आज काय करायला निघाला होतात तेही सांगून टाका तिला. सांगा हो. नाहीतर कळतं त्यांना, आणि बोलत नाहीत. जा आता. दार हळू लावा – आपटून कळावं असं आत कोणी नाही.