सुशांतला विचारून घ्यायची गाडी

नाही, पण मला एक सांगा, गाडी त्याला चालवायची नाही, गाडी त्याला चालवताच येत नाही, पैसे बायकोच्या फंडातले, टॉवरमधलं पार्किंगसुद्धा बायकोच्या नावावर... आणि घ्यायची की नाही हे ठरवायचं कोणी? सुशांतने! आमच्या मजल्यावरच्या सुशांत धुरीने! लिफ्टमध्ये 'वर की खाली' विचारलं तर आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारा माणूस हा. त्याच्या मानेवर अशी तलवार टांगायची, याला काय म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, गाडी कुठली? तर तुम्हाला सांगतो, गाडी म्हणजे तुमची-आमची चार दारांची, मागे सासू, डिकीत नारळ, अशी गाडी नव्हे. स्पोर्ट्स कार! जपानी, दोन दारं, दोनच सीट, जमिनीला पोट लावून बसलेली, रंग एकेकाळी लाल. माहीमला दर्शनाच्या मैत्रिणीच्या बिल्डिंगमध्ये कव्हराखाली उभी असायची. दर्शना म्हणजे सुशांतची बायको. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अख्खं आयुष्य लोकांचं रक्त काढण्यात गेलं तिचं. पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकली, आणि काय हात बसला म्हणता, लालबागच्या गर्दीत गणपतीच्या आधीच्या रविवारी गाडी काढून दाखवलेली बाई ती. मैत्रिणीकडे गेली की ही कव्हराचा कोपरा उचलून बघून यायची. नुसतं बघायची. आणि एक दिवस मालक, हितेंद्र म्हणून कोणी, नाशिकला चाललेला, म्हणाला, विकतोय. फक्त इंजिनचं काम आहे.

फक्त! म्हणजे डॉक्टरने सांगायचं, पेशंट उत्तम आहे, फक्त हृदयाचं काम आहे.

पण मूळ भानगड गाडीची नव्हतीच. मूळ भानगड दादरच्या लग्नाच्या हॉलमध्ये झाली. दर्शनाच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न, पंगत बसलेली, कोणीतरी सुशांतला विचारलं, काय रे, पुढं काय प्लॅन? आणि हा आपला हसत हसत म्हणाला, की आमच्याकडे सगळं हीच ठरवते, मी फक्त मान हलवायला आहे. सगळी पंगत हसली. नवरे जरा जास्तच हसले. दर्शना वाढपी गेला त्या दिशेला बघत बसली.

घरी आल्यावर चहा गाळता गाळता म्हणाली. आवाज चढवून नाही हां, तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

"घर मी ठरवलं, आपल्या मनवाचं, पोरीचं कॉलेज मी ठरवलं, तुझा चष्मा मी ठरवला. मला हौस नव्हती, सुशांत. तू बोलत नव्हतास म्हणून मी बोलत गेले. ही गाडी मला हवी आहे. पण घ्यायची की नाही ते तू सांगायचंस. नको म्हणालास तर कव्हर नीट टाकून येईन, या घरात तिचं नाव निघणार नाही."

आणि सुशांत काय म्हणाला? "बघू."

तिथून त्याचं जेवण उतरेना. कारण दर्शना शब्दाची पक्की, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दोघं लालबागच्या एकाच चाळीत वाढलेली, लहानपणापासून तिला ओळखतो तो. हो म्हणावं, तर इंजिन बसल्यावर बायकोचा फंड बुडवला कोणी? यानं. नको म्हणावं, तर ती खरोखर एक अक्षर बोलणार नाही, आणि ते न बोललेलं अक्षर घेऊन पुढची सगळी वर्षं एका घरात काढायची. तुम्हाला सांगतो, माणूस ऑफिसात बसल्या बसल्या घामाघूम व्हायचा, एसी चालू असताना!

मग त्यानं काय करावं? हा घोडपदेवच्या कोंडीराम मिस्त्रीला धरून माहीमला घेऊन गेला. म्हटलं असेल, जाणकार माणूस सांगेल ते आपलं म्हणून सांगू, सुटलो. कोंडीरामने बॉनेट उघडलं, चालू करा म्हणाला. हितेंद्रने चावी फिरवली आणि मागून असा निळा धूर निघाला, की पहिल्या मजल्यापासून खिडक्या धडाधड बंद! कोंडीराम कान लावून ऐकतोय, ऐकतोय, डोळे मिटून... सुशांतचा जीव कानात. शेवटी म्हणाला की ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, आणखी काय गेलंय ते उघडल्यावर कळेल. बरं, उघडून दुरुस्त होईल का? होईल, नाहीही होणार. घ्यावी का मग? तर कोंडीराम फडक्याला हात पुसत म्हणाला, घेतलीत तर चांगलीच आहे, नाही घेतलीत तरी वाईट काही नाही. सुशांतला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जातकुळीचा माणूस भेटला, तोही नेमका नको तेव्हा!

मग गेला आईकडे. मालनकाकी करी रोडला धाकट्या मुलाकडे असतात. याला पक्की खात्री, आई ऐकताक्षणी म्हणणार, भंगार कशाला घेता, आणि आई नको म्हणाली एवढं घरी जाऊन सांगितलं की आपण मोकळे. मालनकाकींनी सगळं ऐकून घेतलं, कोळंबी सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "गाडी तिची, घोव तिचो, माका कित्याक इचारतंस?" म्हणजे नवराही तिचाच, मला कशाला विचारतोस! आणि वर कोळंबीची टोपली याच्याच पुढ्यात सरकवली.

आता शनिवार आला. हितेंद्रचा फोन आला, की ठाण्याचं एक गिऱ्हाईक रविवारी संध्याकाळी येतंय, तोपर्यंत काय ते सांगा. दर्शनाने फोन स्पीकरवर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिकडे हितेंद्र हॅलो हॅलो करतोय, आणि सुशांत काय म्हणाला? "बघू."

रविवारी सकाळी ठरलं, की गाडी एकदा आपल्या टॉवरपर्यंत आणायची, पार्किंगमध्ये मावते का तरी बघायचं. दर्शना स्टिअरिंगवर, सुशांत शेजारी गुडघे हनुवटीला लावून, मागून हितेंद्र स्कूटरवर, कारण तिसऱ्याला बसायला जागाच नाही! माहीम ठीक गेलं, शिवाजी पार्क ठीक गेलं, दादरला तर गाडी अशी गुरगुरली की फुलबाजारातली माणसं वळून बघायला लागली. दर्शनाचे ओठ आत ओढून धरलेले, लहान मुलगी हसू दाबते तसे. सुशांतने ते पाहिलं, आणि पटकन समोर बघायला लागला.

आणि टिळक पुलाच्या चढावर... गेली! एक आचका दिला, दुसरा आचका दिला, बॉनेटमधून भस्सकन वाफ, आणि इंजिन बंद. मागे बस. बसच्या मागे अख्खं दादर. हँडब्रेक ओढला तर तो नुसता वर आला, आतली तार तुटलेली. गाडी मागे सरकायला लागली. दर्शना ब्रेकवर उभी राहिली, अक्षरशः सीटवरून उठून दोन्ही पायांनी उभी राहिली, तरी गाडी तसूतसूने मागे. सुशांत दार उघडून बाहेर कसा पडला ते त्यालाही माहीत नाही. मागे जाऊन त्यानं डिकीला खांदा लावला. पाठीशी बसचं तोंड, इतकं जवळ की इंजिनाची धग शर्टातून लागत होती. पुढे गाडी, मागे बस, मध्ये सुशांत धुरी. हितेंद्र स्कूटर टाकून धावला, रिकामे हारे घेऊन चाललेले दोन फुलवाले धावले, आणि सुशांत घसा फाटेस्तोवर ओरडायला लागला, "घे! दर्शना, घे! घे!"

अहो, डावीकडे घे! बाजूला घे! पण 'डावीकडे' म्हणायला छातीत हवा होती कुठे?

तिने चाक वळवलं, चौघांनी रेटलं, गाडी कशीबशी कठड्याला लागली. फुलवाल्याने चाकाखाली दगड सरकवला. बस निघून गेली, ड्रायव्हर जाता जाता जे बोलला ते मी इथं सांगत नाही. दर्शना उतरली. वाफेतून चालत मागे आली आणि म्हणाली,

"काय म्हणालास तू?"

"घे म्हणालो."

"गाडी?"

आता बघा, इथं सुटका होती. बाजूला घे म्हणत होतो, एवढं बोलला असता की संपलं. हितेंद्रसुद्धा, विकणारा माणूस, शर्ट घामाने भिजलेला, हात जोडून म्हणाला, की साहेब, आता मीच सांगतो, जाऊ द्या. पण सुशांत तिच्याकडे बघत होता. मरण अंगावर सरकत आलं होतं त्याच्या, आणि त्या सगळ्या वेळात तिने त्याला एकदाही सांगितलं नव्हतं, असं कर, तसं कर. ती ब्रेकवर उभी राहून तो काय सांगतो त्याची वाट बघत होती. त्याने सांगितलं तसं तिने वळवलं. एवढंच. त्याला ते एकदम लागलं कुठेतरी आत.

"हो," तो म्हणाला. "गाडी. तुला हवी आहे ना? मलाही वाटतं, घ्यावी."

दर्शना कठड्याला टेकली आणि रडली थोडी. मग नाक पुसून हितेंद्रला म्हणाली, पेपर कधी करायचे?

गाडी पुलावरूनच टो होऊन घोडपदेवला गेली. कोंडीरामने उघडली, आणि उघडल्यावर कळेल म्हणाला होता ते सगळं, तुम्हाला सांगतो, अगदी व्यवस्थित कळलं! आता एक पार्ट मिळाला तर दुसरा मिळत नाही. रोज कोंडीरामचा फोन येतो, दर्शना म्हणते साहेबांना विचारा, आणि साहेब सांगतातही. परवा रविवारी मीच गेलो होतो कोंडीरामच्या गॅरेजमध्ये बघायला. दोघं गाडीत बसलेली, काचा खाली, दर्शनाचे हात स्टिअरिंगवर. तिने विचारलं, पहिल्यांदा कुठं जायचं? आणि हा माणूस, पापणी न लववता म्हणाला, "तारकर्ली. पहाटे निघायचं, आंबोलीला चहा, संध्याकाळी समुद्रात."

बसली दोघं तशीच, समोर बघत. करतात काय बिचारी? इंजिन बाहेर स्टुलावर होतं, आणि कोंडीराम त्यावर डबा ठेवून जेवत होता.