गजाननचा पहिला नंबर

दोन हजार चोवीसचा पावसाळा सरत होता आणि निवडणूक तोंडावर आली होती. एका उमेदवाराने आमच्या कोपर गावात म्हाताऱ्यांची चालण्याची शर्यत ठेवली. पहिल्याला कुकर मिळणार होता. आमचा कुकर गळका, म्हणून मी उतरलो.

मी सगळ्यांच्या पुढे होतो. तेवढ्यात मागून, रस्त्याच्या चुकीच्या बाजूने, एक रिक्षा अंगावर आली. मी रिक्षावाल्याला शिवी हासडली. आत शेजारचा गजानन, छातीवर नंबर लावून बसलेला.

"अरे दत्तू, बस की! जागा आहे."

गजानन पहिला आला. मी तक्रार केली, तर उमेदवार हात जोडून म्हणाला, "काका, दोघंही आपलेच मतदार."

मी गजाननला म्हणालो, "ने कुकर. रिक्षाचं मी वहिनींना सांगतो."

संध्याकाळी त्याने कुकर आमच्या दारात आणून ठेवला. मी तो आत घेतला.