साडूसाठी घरचा कांदा

…नाही नाही, हसा! हसा तुम्ही! बडोद्याच्या नागरवाड्यात राहून गच्चीवरच्या कुंड्यांत कांदा लावणारा माणूस हसण्यासारखाच असतो, आमची रमा तर लग्नाची बायको असून रोज हसते, वर विचारते, "पण कुणी सांगितलं होतं?"

अहो, साडूनं! पुण्याचे आमचे साडू, प्रतापसिंहराव. दर कांदेनवमीला मेव्हणीला घेऊन बडोद्याला येणार, चातुर्मासात कांदा बंद म्हणून आधीच भजी, थालीपीठ, भरले कांदे, सगळं हाणणार आणि ढेकर देऊन म्हणणार, "बरं झालंय हो… पण कांदा बाजारचा! आमच्याकडे अंगणातला असतो." किती वर्षं ऐकायचं माणसानं? गेल्या खेपेला मी बोलून बसलो, "पुढच्या नवमीला आमच्या घरचा खाल!"

लावला. पात अशी तरारली, तुम्हाला सांगतो, मी तिच्याशी गुजरातीत बोलायचो, इथलीच ना ती! खत म्हणून ताजं शेण, वर स्वयंपाकघरातलं कुजकं-नासकं… मला काय माहीत, त्या वासावर माशी येते आणि मुळाशी अंडी घालते? एक दिवस बघतो तर पात पिवळी! उपटली तर खाली कांदा लिबलिबीत आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळतायत! मागून रमा, "कुणी सांगितलं होतं?"

फवारायला पंप आणला, तर खालच्या मजल्यावरच्या जैन नयनाबेन धापा टाकत वर, "भाई, दवा ना छांटता! जीव छे बिचारा!" स्वतः जन्मात कांद्याला शिवल्या नाहीत, पण कांद्यातल्या पाहुण्यांची काळजी केवढी! शेजारधर्म म्हणून पंप खाली ठेवला. अळ्यांनी सगळ्या कुंड्या फस्त केल्या.

नवमी तोंडावर, आणि प्रश्न अब्रूचा! मग काय… खंडेराव मार्केटातून कांदे आणले आणि गुपचूप त्याच कुंड्यांत पुरले. हो, पुरले! रमानं कपाळावर हात मारला, "कुणी सां…" "साडूनं!" मी ओरडलो.

प्रतापसिंहराव आले ते तडक गच्चीवर. "पात कुठाय हो?" म्हटलं, कांदा तयार झाला की वाळून जाते. त्यांनी हातानं माती उकरली, कांदा काढला… गोल, लालचुटूक! माझी छाती फुगली. त्यांनी तिथंच चाकूनं चिरला… आणि आतून अळी! मेल्यांनी बाजारचाही सोडला नव्हता! संपलं, म्हटलं, आता हा माणूस मरेपर्यंत टोमणे मारणार.

साडू बघतायत… बघतायत… आणि एकदम मला मिठी! "अळी! म्हणजे औषधाचा थेंब नाही! याला म्हणतात घरचा कांदा!" खाली रमानं चांगल्या कांद्याची भजी वाढली, तर ताट बाजूला सारून म्हणाले, "ही बाजारची वाटतात."

जाताना कुंड्यांतले उरलेले पिशवीत भरून नेले. पुढच्या नवमीला पोतंभर सांगितलेत, पण असेच हवेत, अळीवाले! आता कांद्याचं काय हो, तो मार्केटात मिळतो… मी हल्ली अळ्या सांभाळतोय.