बाबांच्या आवाजातली बिट्टी

(शाळा सुटली आहे. रिकाम्या वर्गात बाई आणि बिट्टीचे वडील, धंद्यानं शिंपी. नऊ वर्षांची बिट्टी जमिनीवर दोऱ्याची रिळं मांडत बसली आहे. तिला बोलता येत नाही; फोनवरच्या चित्राला बोट लावलं की फोन तिच्या वतीनं बोलतो, तेही वडिलांच्या आवाजात.)

वडील : लघवी तपासून झाली, बाई. डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे.

बाई : मग वर्गातून सारखी उठते कशाला? आजही तेच. मी फळ्याकडे वळले की मागून तुमचा आवाज, ‘शू लागली’. पहिल्या दिवशी तर मी दचकून दारात बघितलं, हे कोण गृहस्थ आले म्हणून!

वडील : बायकोला म्हटलं होतं, तुझा आवाज भर. तिला फोनपुढं बोलताना हसूच आवरेना. शेवटी माझा भरला.

बाई : आणि तिथं जाऊन काही करत नाही हो. नळापाशी उभी राहते आणि थोड्या वेळानं परत येते. मला तर राहून राहून नवल वाटतं.

वडील : तुम्हाला नवल वाटतं. मोठ्या बाईंना राग येतो. सोमवारपासून फोन घरी ठेवा म्हणाल्या. तुमच्याच सांगण्यावरून ते चित्रांचं अ‍ॅप घेतलं. आता फोन घरी ठेवायचा म्हणजे पोरीचं तोंडच घरी ठेवायचं की.

बाई : म्हणून तर थांबवलं तुम्हाला. कारण सापडलं की मोठ्या बाईंशी मी बोलते. तुमच्या हाताला काय झालं?

वडील : मशीनची सुई.

बाई : इतक्या वर्षांच्या शिंप्याला?

वडील : लागते कधीकधी. तुम्ही कारणाचं बघा.

बाई : बघू या एकेक करून. पंखा लावते. उठली?

वडील : छे. रिळंच लावतेय. निळी एकीकडं, हिरवी एकीकडं.

बाई : आता फळ्यावर खडू घासते, कर्रर्र करून.

वडील : अहो बाई, माझ्या अंगावर काटा आला! ती मजेत आहे.

बाई : थांबा हं. गणिताला ती उठत नाही. चित्रकलेला तर अजिबात नाही. वाचनाच्या तासालाच उठते.

वडील : वाचता येत नाही म्हणून लाजत असेल.

बाई : ही? ही कुणाला लाजतेय! पण वाचनाला आमचा लंबू वर्गातला टॅबलेट लावतो. हुशार पोरगा, पण वाचायला घेतलं की ओळ हातातून निसटते त्याच्या. मीच शोधून त्याला अ‍ॅप दिलं, धडा मोठ्यानं वाचून दाखवणारं. काय गोड आवाज आहे! आता सगळ्यात आधी हात वर असतो लंबूचा. लावून बघू?

वडील : लावा.

बिट्टी : शू लागली.

वडील : अगं, आत्ता तर जाऊन आलीस!

बाई : थांबा, बंद करते. बघा, बसली खाली. परत लावते.

बिट्टी : शू लागली. शू लागली.

बाई : बंद केलं, बाळा, बंद केलं. हा आवाज सोसतच नाही तिला! आणि मी कौतुकानं रोज मोठा करत होते, सगळ्या वर्गाला ऐकू जावा म्हणून.

वडील : मग सरळ सांगायचं की, नको म्हणून.

बाई : कशानं सांगेल? द्या फोन इकडे. बघू काय काय चित्रं आहेत. पाणी दे. भूक लागली. शू लागली. हो. थँक्यू. आणि ‘नको’ कुठंय?

वडील : नको... नाहीये.

बाई : थँक्यू आहे आणि नको नाही?

वडील : हसू नका, बाई. ‘नको’ तिला पहिल्यापासून येतं. किंचाळून, ताटं भिरकावून. आमच्या घरात नकोला काही तोटा नव्हता. मला एकदा तिच्याकडून हो ऐकायचं होतं. म्हणून ते भरलं.

बाई : इथं ती कधी किंचाळलेली नाही.

वडील : कधीच नाही?

बाई : कधीच नाही. फोन दाखवायची आणि गुपचूप बाहेर जायची.

वडील : म्हणजे बाहेर पडायला तिच्याकडं तेवढं एकच चित्र होतं. त्याच्यावर भागवलं पोरीनं. आणि मी बाटली घेऊन डॉक्टरच्या दारात! लाज वाटते हो मला.

बाई : मलाही वाटतेय. लंबूला मी उद्याच हेडफोन देते. मोठ्या बाईंना हेच असं करून दाखवते, त्यांच्यासमोर. तुम्ही आता फोनमध्ये ‘नको’ भरा. हे लाल चित्र घेऊ. बोला.

वडील : नको हं.

बाई : हे जेवताना आणखी वाढू नका म्हटल्यासारखं झालं. जरा ठासून.

वडील : सोपं आहे तुम्हाला. घरी मला ऐकायचंय ते, माझ्याच आवाजात. दिवसभर तेच दाबत बसली तर? अंघोळ नको, शाळा नको, बाबा नको...

बाई : दाबेल थोडे दिवस. पण त्या सुईपेक्षा बरं नाही का?

वडील : ओळखलंत होय. सुई नाही ती, दात आहेत. बायको पहाटे कामाला जाते, वेण्या मी घालतो. दिवसभर टिकाव्यात म्हणून घट्ट ओढतो. रोज चावते. रोज मी ओरडतो.

बाई : मग बोला.

वडील : नको!

बाई : हां, हे चाललं. बिट्टी, हे बघ, लाल. मी टॅबलेट लावते हं.

बिट्टी : नको.

बाई : नाही लावत.

बिट्टी : नको. नको.

बाई : अगं, बंदच आहे!

वडील : चव घेऊन बघतेय. चल बाळा, भर ती रिळं. अरे, एक वेणी सुटली वाटतं. ये, कंगवा आहे खिशात.

बिट्टी : नको.

वडील : बाई, बघितलंत? हात तिच्या तोंडाशीच होता माझा.

बाई : बघितलं.

बिट्टी : नको.

वडील : ऐकलं गं. हा बघ, ठेवला कंगवा. चल, केस असेच राहू देत.